आईची मिश्री आणि लेकराचा ब्रश

कासुर्डीच्या आम्ही बचत गटाच्या बायका शाळेत दातांविषयी बोलायला गेलो, तेव्हा वाटलं होतं, ब्रश कसा धरायचा ते दाखवलं की झालं. मुलांनी ब्रश नीट धरलाही. मग दुसरीतली एक पोर म्हणाली, "माझी आई तर मिश्री लावते." आम्ही गप्प. आमच्यातल्याच दोघी सकाळी मिश्री लावून आल्या होत्या.

मिश्री, कुणी मशेरी म्हणतं, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दात दुखतो म्हणून सासूनं दिलेली चिमूट. पुढं सकाळी पोट साफ व्हायलाही तीच लागते. तिनं दुखणं घटकाभर दबतं, कीड मात्र आत चालूच राहते. हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. पण लेकराला ती दिसते घरात, चुलीपाशी. तिथं कोण येणार बघायला?

आता मुलांच्या दाढेचं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागं पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो आणि किडली तर "पडेल की" म्हणून सोडून देतो. ती गेली की पुन्हा येत नाही. आपल्या दौंड भागात गुऱ्हाळं, त्यामुळं गूळ-काकवी पोरांच्या हातात असायचीच. खाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, पण ते चिकट असतं, दाढेच्या खाचेत बसतं. म्हणून झोपताना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दोन मिनिटं दात घासायचे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात मागं नीट पोचत नाही. त्या दाढा आपणच घासून द्यायच्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, ते दातही बघतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

आमच्या त्या दोघींपैकी एकीनं मिश्री सोडली. पहिले काही दिवस डोकं धरायचं, चिडचिड व्हायची. दुसरी अजून लावते, लेकीच्या माघारी. तिच्यासाठी आम्ही तंबाखू सोडण्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर गटाच्या वहीवर लिहून ठेवलाय. तुम्हीही लिहून घ्या: १८००-११२-३५६. फोनला पैसे पडत नाहीत.