टॅबलेट कोणाच्या हाती? प्राथमिक शाळेतील मुलांचा चित्रकलेचा तास

प्राथमिक वर्गात टॅबलेटच्या साहाय्याने मुलांनी स्वतः चालविलेला चित्रकलेचा तास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सामुदायिक महाविद्यालयातील आपण अध्यापक पहिली-दुसरीच्या वर्गावर जात नाही, हे खरे. परंतु आपल्याकडून शिकून गेलेल्या मुली पुढे बालवाडीत व शिकवणीवर्गात मुलांना शिकवितात. चित्रकला म्हणजे फळ्यावरची झोपडी, डोंगर आणि सूर्य उतरवून घेणे, ही समजूतही त्या सोबत नेतात.

विषयाची सुरुवात टॅबलेटच्या आधीची आहे. १९९९ च्या जानेवारीत सुगत मित्रा यांनी नवी दिल्लीतील कालकाजी येथे आपल्या संस्थेच्या कार्यालयाच्या भिंतीत, झोपडपट्टीच्या बाजूने, एक संगणक बसविला. तेथे शिक्षक नव्हता आणि की-बोर्डही नव्हता. मुलांनी कर्सरला 'सुई' व वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाला 'डमरू' अशी नावे दिली. (आपल्या परिभाषा कोशांना इतके सहज शब्द क्वचितच साधले आहेत.) मुलांना विशेष आवडले ते चित्र काढण्याचे 'पेंट'. टंकलेखनाची सोय नसल्याने त्यांनी आपली नावेदेखील पेंटमध्येच रेखाटली.

मार्क वॉरशॉअर यांनी २००२ साली या प्रयोगावर टीका केली. मुलांचा बराचसा वेळ चित्रे काढण्यात व खेळण्यात जातो, असा त्यांचा आक्षेप होता. देखरेखीशिवाय शिक्षण होत नाही, हा त्यांचा मुद्दा मान्य करावा लागेल. मात्र चित्र काढणे म्हणजे वेळ दवडणे, हे मान्य करता येत नाही. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३७ साली वर्धा योजनेचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात हस्तोद्योग व मातृभाषेबरोबर चित्रकलेलाही स्थान होते. लोधीखेड्याहून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात देवी प्रसाद यांनी पुढे अनेक वर्षे मुलांना चित्रकला शिकविली. मुलाचे चित्र ही त्याची स्वतःची अभिव्यक्ती असते, मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

आता प्रश्न व्यवहाराचा. मध्य प्रदेशात २०२२-२३ च्या सुमारास प्राथमिक शिक्षकांना टॅबलेट खरेदीसाठी दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्यात आली. म्हणजे वर्गात टॅबलेट असलाच तर एक, आणि तोही गुरुजींचा. माझ्या मते ही अडचण नाही. चार-पाच मुलांच्या एका गटाकडे टॅबलेट द्यावा, बाकीच्या गटांनी कोळसा, गेरू व कागद घेऊन बसावे, आणि पाळी बदलावी. पाळी मुलांनीच ठरवावी. मुली मागे राहत नाहीत ना, एवढे शिक्षकाने पाहावे. विषयही मुलांचाच. संत्र्याच्या सालीचा किंवा पडक्या भिंतीचा फोटो घेऊन तो बोटांनी मोठा केला, की जे पोत दिसतात ते आधी कागदावर उतरवावेत. पडद्यावर बोट सर्वत्र सारखेच गुळगुळीत फिरते. कागदाचा खरखरीतपणा त्याला कळत नाही.

'टक्स पेंट' हे लहान मुलांसाठीचे मोफत सॉफ्टवेअर मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरता येते. त्यातील 'कॅलिडोस्कोप'मध्ये एक रेघ ओढली की तिची प्रतिबिंबे उमटतात. त्याच साधनातून एका मुलीची रांगोळी होते आणि शेजारच्या मुलाची मशिदीच्या खिडकीतील जाळी. सजीवांची चित्रे काढू नयेत असे ज्या घरांत मानतात, तेथील मूल अशा तासाला अडत नाही. त्याने काय काढावे हे कोणी ठरवून दिलेलेच नसते.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. 'अनडू'मुळे चूक क्षणात पुसली जाते आणि विचार कसा बदलला याचा मागही पुसला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर चित्र वेगळ्या नावाने जतन करावयास सांगावे. दुसरे, टॅबलेटमधील जागा भरली की सर्वांत आधी मुलांची चित्रेच काढून टाकली जातात. ती महिन्याअखेरीस मेमरी कार्डावर घ्यावीत, आणि फाईलला वर्गाचे नव्हे, मुलाचे नाव द्यावे.