एक टीएमसी म्हणजे किती लिटर?

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. हे धरण पूर्ण भरले, की त्यात सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी मावते. ते कालव्यांतून शेतांना दिले जाते. 'टीएमसी' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. पण एक टीएमसी म्हणजे किती पाणी?

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच १ अब्ज घनफूट. उर्दूत तुम्ही ज्याला 'अरब' म्हणता, त्यालाच मराठीत 'अब्ज' म्हणतात. एक प्रचंड हौद डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १००० फूट आहे. हा हौद काठोकाठ भरला, की एक टीएमसी पाणी होते.

घरी मात्र आपण पाणी लिटरमध्ये मोजतो. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा डबा घेतला, तर त्यात बरोबर १ लिटर पाणी मावते. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, म्हणून १००० फूट म्हणजे ३०,४८० सेंटिमीटर. हौदाच्या एका बाजूला असे ३०४८ डबे ओळीने बसतील. मग संपूर्ण हौदात ३०४८ × ३०४८ × ३०४८ डबे बसतील. हा गुणाकार येतो २८,३१,६८,४६,५९२. म्हणजे २८ अब्ज ३१ कोटी ६८ लाख ४६ हजार ५९२ लिटर!

ही संख्या ३०४८ चा घन आहे. ३०४८ चे मूळ अवयव पाहा : २ × २ × २ × ३ × १२७. म्हणून मोठ्या संख्येत २ हा अवयव नऊ वेळा, ३ तीन वेळा आणि १२७ तीन वेळा येतो. ३ तीन वेळा आल्यामुळे तिला ९ ने निःशेष भाग जातो. तिच्या अंकांची बेरीज करा. ती ५४ येते. ५४ ला ९ ने भाग जातो.

या गुणधर्माचा उपयोग काय? समजा, वहीत ६८ लाखांऐवजी ६७ लाख लिहिले गेले. एका अंकामुळे १ लाख लिटर पाणी कागदावरच आटले! पण आता अंकांची बेरीज ५३ येते आणि चूक लगेच सापडते.

मात्र सावध राहा. ४६ हजारांऐवजी ६४ हजार लिहिले, तर बेरीज ५४ च राहते आणि १८ हजार लिटरची चूक लपून जाते. कसोटी फसली, तर उत्तर नक्की चुकले आहे. पण कसोटी जुळली, म्हणून उत्तर बरोबरच आहे असे नाही. अशा वेळी गुणाकार पुन्हा करून पाहणे हाच खरा उपाय.

शब्दार्थ : मावणे – आत बसणे; काठोकाठ – अगदी काठापर्यंत; निःशेष – बाकी न उरता; कसोटी – परीक्षा.

स्वाध्याय
१. एक टीएमसी म्हणजे किती लिटर, ते अक्षरांत लिहा.
२. या संख्येला ८ ने भाग जातो का? कारण सांगा.