कुंचल्याच्या वळणाचे अक्षर

आपल्या पेठेत पूर्वी पेंटर शिडीवर बसून, खडूची रेघ मारून, दुकानाची पाटी रंगवीत असे. आज तेच वळण संगणकावर आयते मिळते व घटकाभरात फ्लेक्सवर उमटते. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय घाऊक धान्याचा. मुद्रणकलेत त्यास गती नाही. परंतु या अक्षरापायी पदरी नुकसान आल्यावर त्याने जी चौकशी केली, ती सभासद बंधूंपुढे ठेवीत आहे.

कुंचला दाबला की रेघ जाड होते, उचलला की निमुळती होते. छापाच्या अक्षरात हा सर्व आविर्भाव एकदाच रेखून त्याचा साचा करतात. म्हणूनच एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले, तर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. खऱ्या हाताला हे साधत नाही. खरे व साच्याचे ओळखण्याची ही सोपी खूण होय.

अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ साली 'ब्रश स्क्रिप्ट' नावाचा टाइप केला. त्याहून मोकळा टाइप फ्रान्समधील मार्सेय येथील रोजे एक्सकोफों यांचा. त्यांनी आपल्याच हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' रचला व तो १९५३ साली तेथील ओलिव्ह फाउंड्रीने काढला. मिस्त्राल हे त्या प्रांतातील थंड, सोसाट्याच्या वाऱ्याचे नाव. त्यातील अक्षरे एकमेकांस जोडलेली आहेत, आणि खरे कौशल्य तेथेच आहे. शिशाचा प्रत्येक खिळा सुटा. शेजारी कोणतेही अक्षर येवो, एकाची शेपटी जेथे संपते तेथूनच दुसऱ्याचा आरंभ व्हावा लागतो. आपल्या देवनागरीत हे काम शिरोरेषा करते. खिळे झिजले की ती मध्येच तुटलेली दिसे, हे जुन्या पुस्तकांत पुष्कळांनी पाहिले असेल.

असा टाइप मोठ्या चार शब्दांसाठी असतो. बारीक मजकुरासाठी व आकड्यांसाठी नव्हे. हे आमच्या ध्यानी उशिरा आले. चिरंजीवांनी हौसेने संपूर्ण भावपत्रक कुंचल्याच्या वळणात छापून घेतले. 'रवा' हा शब्द 'खा' असा वाचला जाई, त्यावर गिऱ्हाईक हसत, ते चालले. (ख चे दोन्ही भाग खाली जोडण्याची पद्धत पडली ती याच घोटाळ्यामुळे.) पण हरभऱ्याचा क्विंटलचा भाव ६१०० होता, तो एका जुन्या किरकोळ व्यापाऱ्याने ६९०० वाचला. एकाचे डोके व नवाचे डोके त्या वळणात सारखेच दिसे. आम्ही अडवणूक करतो अशी त्यांची समजूत झाली. एका शब्दाने न विचारता त्यांनी माल दुसरीकडून उचलला. महिनाभराने एका लग्नात भेट झाली तेव्हा उलगडा झाला. ते परत आले, पण पूर्वीइतका माल अजून घेत नाहीत.

तेव्हापासून भावपत्रक साध्या, ठळक, सरळ टाइपात निघते व छापण्यापूर्वी आमचे दिवाणजी त्यातील आकडे मोठ्याने वाचतात. पाटीवरील नाव मात्र कुंचल्याच्या वळणातच ठेविले आहे. ते रस्त्यापलीकडून ओळखू येते, आणि त्यात आकडा एकही नाही.