मोबाईलवरील घरशोध : सोय कोणाची?

एके काळी मुंबईत घर पाहायचे म्हणजे दलालाच्या मागे जिने चढायचे किंवा वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींवर पेन्सिलीने खुणा करायच्या, अशी रीत होती. आज बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेला आपला तरुण बदलापूर-पनवेलची घरे लोकलमध्ये उभ्याउभ्या पाहतो. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, नोब्रोकर अशी ॲप त्यासाठी उपलब्ध आहेत. ती वापरण्यास खरोखर सोपी आहेत काय, याचा विचार समाजबांधवांनी आणि विशेषतः संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी करणे अगत्याचे आहे.

वापरसुलभता म्हणजे केवळ देखणा पडदा नव्हे. माणूस जे शोधायला आला ते त्याला कमी श्रमात आणि न फसता सापडणे, ही खरी वापरसुलभता होय. बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी, असे अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे पाळणे अवघड नाही. अवघड आहे ते माहिती प्रामाणिकपणे मांडणे.

क्षेत्रफळाचेच पाहा. एखाद्या घराची किंमत ९० लाख आणि क्षेत्रफळ ९०० चौरस फूट असे मोठ्या अक्षरांत दिसते. म्हणजे दर १०,००० रुपये. परंतु ते ९०० सुपर बिल्टअप असून आतील वापराची जागा ६५० चौरस फूटच असेल, तर खरा दर सुमारे १३,८५० रुपये पडतो. शेजारच्या जाहिरातीत कार्पेटचा आकडा असेल तर दोन्हींची तुलना फसते. रेरा कायद्याने (२०१६) कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे. त्यात घरातील आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. सर्व घरे याच एका मापाने दाखविणे ॲपला सहज शक्य आहे. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाची नोंद स्वतः वाचावी. चकचकीत छायाचित्रांपेक्षा ती अधिक बोलते.

दुसरी गोष्ट फोन नंबरची. घराचा पत्ता किंवा मालकाचा संपर्क पाहण्यासाठी आधी आपला नंबर मागितला जातो आणि मग दिवसभर दलालांचे फोन सुरू होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करणे, जाहिरात लपवून दाखविणे, सतत भंडावणे, हे त्यांतील काही प्रकार. ‘फक्त २ घरे शिल्लक’ असे वाचून टोकन देण्याची घाई करू नये. नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला रेराने मनाई केली आहे.

भाड्याच्या घराबाबत मात्र प्रश्न अधिक खोल आहे. फिल्टर म्हणजे चाळणी. भाडे, खोल्या, स्टेशनपासूनचे अंतर यांची चाळणी सर्वांच्या उपयोगाची. पण काही जाहिरातींत ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ अशीही नोंद असते. ही सोय मालकाची, आणि तिचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाव कळताच नकार वा जाचक अटी मिळतात, हे त्यातून दिसले. पूर्वी नकार देण्यासाठी मालकाला समोर बोलावे लागे. आता तयार रकान्यात एक खूण पुरते.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश वा धर्माची पसंती दर्शविणारी घराची जाहिरात देण्यास बंदी आहे. आपल्याकडे खासगी भाड्यासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे कोणता रकाना ठेवायचा, हे सध्या बरेचसे ॲपची मांडणी ठरविणाऱ्यांवरच अवलंबून आहे. जाहिरातीत जातीचा वा धर्माचा उल्लेख आढळल्यास पडद्याचे छायाचित्र, तारीख आणि जाहिरातीचा क्रमांक जपून ठेवावा व ॲपवरच तक्रार नोंदवावी. तक्रारीची सोय बहुधा कोपऱ्यातील तीन ठिपक्यांमागे दडलेली असते.