अपिलाची वाट

दिनांक १ जुलै २०१८ रोजी पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतील राईनपाडा गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून ठार केले. आरोप, पुरावा, निकाल आणि शिक्षा ही सर्व त्या जमावाने घटका दोन घटकांत उरकली व अपिलास जागा ठेवली नाही.

न्यायासनासमोर असे घडत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. ती डोळसपणे बाळगावयाची तर साक्री तालुक्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील एक खटला ध्यानात ठेवला पाहिजे. जून २००३ मध्ये बेलतगव्हाण शिवारात एका कुटुंबावर दरोडा पडून पाच माणसे मारली गेली. प्रकार इतका अमानुष होता की लोकांचा संताप अनावर व्हावा यात नवल नाही. भटक्या जमातींतील सहाजण पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी फर्माविली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. पण ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील मान्य करून त्या तिघांनाही पुन्हा फासाच्या दोराखाली उभे केले.

या निकालात शिक्षेचा विचार करताना १९९६ सालच्या एका निवाड्याचा आधार घेतला होता. गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे, असा त्याचा आशय. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने मात्र दोन्ही पाहण्याचा दंडक घालून दिला होता. अवघ्या तेरा दिवसांनी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने १९९६ चा तो निवाडा या दंडकाला सोडून दिलेला असल्याचे सांगितले. पुढे २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी अशा चुकीच्या आधारावर दिलेल्या फाशीच्या शिक्षांकडे राष्ट्रपतींचे लक्ष वेधले.

तथापि शिक्षेची चूक ही लहान चूक ठरावी, असे पुढे निघाले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार इसम ओळखले होते, आणि ते या सहांपैकी नव्हते! त्या चौघांचा तपास झाला नाही. फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात ऐकावेत, हा नियम २०१४ साली झाला. त्याच्या आधारे हे प्रकरण २०१८ साली पुन्हा उघडले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा सरकारला हुकूम केला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. मृतांच्या आप्तांनाही न्याय मिळाला नाही, हे विसरता येत नाही.

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. फेरतपासणीस आलेली उत्तरपत्रिका हाती घेताना प्रथम राग येई. मग कधी आमचीच बेरीज चुकलेली सापडे आणि मान खाली जाई. अपिलाकडे 'गुन्हेगाराची पळवाट' म्हणून पाहणाऱ्या सुशिक्षितांना तो राग परिचित असावा. कायद्याला मात्र ही मान खाली घालणे मान्य आहे. म्हणून तर सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाच्या पुष्टीवाचून अमलात येत नाही, आणि दोषी ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घ्यावे लागते.

ते ऐकले जाते काय, हा खरा प्रश्न. धुळे जिल्ह्यातील अपिले छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जातात. पिंपळनेरच्या डोंगराकडील पाड्यावरच्या कोकणी वा भिल्ल कुटुंबाला ते अंतर कोसांत मोजून भागत नाही. तेथील कामकाज इंग्रजीत, आणि घरातील बोली वेगळी. वकील सरकारी खर्चाने मिळतो, हे खरे. परंतु तो सुनावणीपूर्वी तुरुंगात जाऊन आरोपीशी त्याला कळेल अशा भाषेत बोलतो काय, त्याचे वय, शिक्षण, घरची अवस्था यांची कागदोपत्री जुळणी करतो काय? विधिसेवा प्राधिकरणाने ही भेट सक्तीची करून तिची नोंद अपिलाच्या कागदांस जोडावी, अशी आमची मागणी आहे. नाशिकच्या त्या सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. हे न्यायालयात सिद्ध व्हावयास २०१२ साल उजाडले.