गोदाकाठचे ऋतू आणि उत्सव

खेड्यात कुणी विचारलं की जत्रा कधी, तर उत्तर तिथीनं मिळतं. शहरात कुणी विचारलं की गाणं कधी, तर उत्तर तारखेनं मिळतं, घड्याळाच्या वेळेनं मिळतं आणि पुष्कळदा तिकिटाच्या दरासकट मिळतं. म्हणून आपली एक समजूत होऊन बसते की शहरातल्या कलेचा आणि ऋतूंचा आता काही संबंध राहिलेला नाही. नाशिकपुरतं बोलायचं तर ही समजूत बरीचशी चुकीची आहे. ती कशी, ते आज पाहू.

मी राहतो अंबडला. एके काळचं हे शेतीचं गाव आज महापालिकेच्या हद्दीत आणि कारखान्यांच्या वसाहतीच्या कुशीत आहे. इथला दिवस पाळीनं मोजला जातो: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. तरीही इथली माणसं जुन्या नाशकाकडे निघाली म्हणजे "गावात चाललो" असंच म्हणतात. आणि गावात जाण्याचं कारण ऋतूगणिक बदलत असतं.

हे कारण ठरवते कोण? माझ्या मते गोदावरी. रामकुंडाच्या आसपास नदीच्या दोन्ही अंगांना दगडी फरसबंदीची मोकळी पटांगणं आहेत. शहराचं खरं नाट्यगृह हेच. त्याला छप्पर नाही, दार नाही, दारवान नाही. पावसाळ्यात मात्र ही जागा नदी परत मागून घेते. तिथे दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर किती आला ते सांगतात. 2016 आणि 2019 च्या पुरांत पाणी काठावरच्या बाजारपेठेतही शिरलं होतं. तेव्हा आषाढ ते भाद्रपद पटांगणावर मोठा कार्यक्रम ठरवणं धाडसाचंच. नदी उतरली, ऊन पडलं, फरशी वाळली की माणसं पुन्हा घाटावर येतात.

फाल्गुनापासूनच सुरुवात करू. नाशकात धुळवडीचा दिवस रंगाचा नाही, तो वीरांचा. घरोघरी पूर्वजांचे टाक असतात, ते वाजतगाजत नदीवर नेऊन त्यांना स्नान घालतात. दाजीबा वीराची मिरवणूकही याच दिवशी निघते. रंग खेळायचा तो पाच दिवसांनी, रंगपंचमीला, आणि तोही रहाडीत.

रहाड म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. जमिनीत खोदलेला, दगडांनी बांधलेला, पुरुषभर उंचीहून खोल असा चौकोनी हौद म्हणजे रहाड. या रहाडी पेशवेकाळच्या. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट आळी अशा ठिकाणी त्या आहेत. पण वर्षभर तुम्ही तिथून गेलात तर काही दिसणार नाही, कारण रहाड लाकडी फळ्या आणि माती टाकून बंद केलेली असते आणि वरून रहदारी चालू असते. रंगपंचमी जवळ आली की रस्ता उकरतात, फळ्या काढतात, हौद धुऊन पाण्यानं भरतात. फुलं, पानं, झाडपाला मोठ्या कढयांत उकळून काढलेला रंग त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचे मानकरी ठरलेले. पूजा झाली की उड्या सुरू होतात. त्या उडीला म्हणतात 'धप्पा'. धप्पा असा बसला पाहिजे की पाणी काठावरच्या माणसांच्या डोक्यावरून जावं! रंग अंगावरून चार-आठ दिवस जात नाही, आणि जाऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. फाल्गुनातच का? ऊन तापायला लागलेलं असतं, गार पाणी सोसवतं, आणि रंगाला लागणारा पळसासारखा फुलोरा याच दिवसांत येतो.

पूर्वी रहाडींची संख्या आजच्यापेक्षा बरीच जास्त होती. रस्ते झाले, नळ गेले, गटारं गेली, तशा काही कायमच्या बुजल्या. एक गोष्ट ध्यानात घ्या. नाटक बंद पडलं तर पुन्हा बसवता येतं. रहाड एकदा काँक्रीटखाली गेली की पुढची पिढी ती कुठे होती हेसुद्धा सांगू शकत नाही.

चैत्रात काळारामाचं वासंतिक नवरात्र असतं. रामनवमीनंतरच्या एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, आणि ते ओढायला तालमींचे गडी लागतात. या रथाची शोभा सांगणारे पुष्कळ आहेत. दोरी कुणी धरायची हा प्रश्न कसा विचारला गेला, तेही मुलांना सांगायला हवं. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे याच जिल्ह्यातले कार्यकर्ते त्यात आघाडीवर होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रथाच्याच दिवशी मोठा संघर्ष झाला, आणि लढा पुढे काही वर्षं चालला. दार उघडलं नाही तेव्हा माणसांनी स्वतःचं गाणं उभं केलं. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा विचार भरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गीतं तर 14 एप्रिलला आज महाराष्ट्रभर ऐकू येतात. एकाच शहराच्या वसंतात हे दोन्ही सूर आहेत, आणि एक गाळून दुसरा नीट समजणार नाही.

वैशाखात वसंत व्याख्यानमाला. पुण्याची व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, नाशिकची 1922 पासून. मे महिन्यात संध्याकाळी गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर ती भरते. (हे यशवंतराव म्हणजे बागलाणचे मामलेदार. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटला म्हणून लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं.) मे महिनाच का निवडला असेल? शाळा बंद, शेतात काम थोडं, नदीत पाणी कमी, आणि घरात उकाडा! व्याख्यान आवडलं नाही तरी वारा मिळतो. हल्ली मोबाईलवर घरबसल्या भाषणं ऐकता येतात, म्हणून रोजच्या गर्दीची हमी राहिलेली नाही. तरी इथे तिकीट नाही, रस्त्यानं जाणारा हमालही दहा मिनिटं टेकू शकतो, ही सोय बंद सभागृहात नसते.

संगीताचंही असंच. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं दरबारातून चारचौघांत आणलं. तेच पुढे नाशकात येऊन राहिले, इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापला. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर 1921 साली इथेच जन्मले. आज दिवाळीत पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकात पिंपळाच्या पाराजवळ गाणं ऐकायला माणसं रस्त्यावर मांडी घालून बसतात, तेव्हा मला पलुसकरांची आठवण होते.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो तालमीचा काळ. गणपतीआधीचे दोन महिने ढोल-पथकं सराव करतात. ओल्या हवेत कातड्याचं पान सैल पडतं, पुन्हा पुन्हा दोरी ओढावी लागते. म्हणून आता बरेचजण फायबरचं पान लावतात. आवाज मोठा निघतो, पण गोडवा कमी, असं माझं मत आहे. आमच्याकडे दुसऱ्या पाळीची मुलं सकाळी आणि पहिल्या पाळीची संध्याकाळी येतात, आणि सगळं पथक एकत्र वाजतं ते सुट्टीच्या दिवशी. नाशिक ढोलाचं नाव पार केरळापर्यंत गेलं आहे.

थंडी पडली की कला छपराखाली जाते. राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी मंडळींची नाटकं याच दिवसांत होतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकच्या वाटेवर दिंड्या लागतात, आणि 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषेचा दिवस.

आता त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूच्या गुरुजींना एक विनंती. शहरातली मंडळी पटांगणावर व्याख्यान ऐकत असतात, त्याच सुमारास तुमच्याकडे बोहाडा उभा राहतो. कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ, सनई, मशाली. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तुमच्या वर्गातली मुलं त्याच घरांतली असतात. सोंगांची नावं, त्यांचा क्रम, प्रत्येक सोंगाला संबळाची चाल कोणती, हे त्यांना आजोबांकडून विचारून वहीत उतरवायला सांगा. आणि नाशिकहून कुणी पाहुणा आला तर त्याला अर्ध्या रात्री उठून जाऊ देऊ नका. जगदंबेचं सोंग येतं ते सगळ्यात शेवटी, उजाडता उजाडता.