भाकरी आहे, पाण्याचं काय?

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की नेकनूर लागतं. इकडचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी नाहीतर शेपू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरलं तर तीन भाकऱ्यांत २२-२३ ग्रॅम होतात. दिवसाची गरज साधारण ३०. उरलेले डाळ-भाजीतून मिळतात. मग असं जेवणाऱ्यालाही मूळव्याध का होते?

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९७५ मध्ये हे नीट मांडलं. मळ खडा झाला, रोज कुंथावं लागलं, की या गाद्या फुगतात, त्यांना धरून ठेवणारी ऊती सैल पडते आणि त्या खाली सरकतात. तेच मूळव्याधीचे कोंब.

तंतू पचत नाहीत, हाच त्यांचा गुण. ते पाणी धरून ठेवतात, मळ मऊ आणि भरीव राहतो. पण धरायला पाणी तर हवं! बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजुरांची जोडपी, निघतात. फडात संडास नाही, म्हणून बाया पाणी कमी पितात, कळ दाबून धरतात. थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं. अशा वेळी नुसता इसबगोल, म्हणजे तंतूच, वाढवला तर कोंडी उलट घट्ट होते. चमचाभर इसबगोलावर मोठा पेलाभर पाणी हवंच.

सात चाचण्यांतल्या ३७८ रुग्णांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने घेतला. तंतू घेणाऱ्यांत रक्त पडण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. कोंब बाहेर येणं, दुखणं, खाज यांवर मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. भिंतीभिंतीवर ‘बिगर ऑपरेशन मुळासकट बरी’ रंगवणाऱ्यांना एवढा प्रामाणिकपणा परवडत नसावा.

गुण यायला काही आठवडे लागतात. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, हळूहळू वाढवावेत. आणि पडणारं प्रत्येक रक्त मूळव्याधीचंच असतं असं नाही. चाळिशी उलटली असेल, वजन उतरत असेल, अशक्तपणा असेल किंवा मळ डांबरासारखा काळा होत असेल, तर भाकरी-इसबगोलावर न थांबता आधी डॉक्टरकडून तपासून घ्यावं. बाहेर आलेले कोंब बोटानेही आत जात नसतील, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.